अनुभव धागा : प्रोग्रॅमिंग सगळ्यांनीच शिकावे का?

कैरीपन्हे :
मुलीच्या सहावीच्या वेळापत्रकात यंदा कोडिंगचा तास आला आणि चपला बाहेर काढून जिथे शिरावे लागे, ती आमच्या शाळेतली संगणकाची खोली आठवली. जीडब्ल्यू-बेसिक या जुन्या प्रोग्रॅमिंग भाषेत ओळींना १०, २०, ३० असे क्रमांक देत, म्हणजे राहून गेलेली ओळ १५ क्रमांकाने मध्ये घालता येई; एवढेच आज स्मरणात आहे. २०२०च्या शैक्षणिक धोरणातही कोडिंग आहे. ज्यांनी पुढे हे क्षेत्र निवडले नाही, त्यांना त्याचा उपयोग झाला का?

खडूफळा :
मी गणित शिकवतो. लोगो या प्रोग्रॅमिंग भाषेत पडद्यावरच्या कासवाला सूचना देऊन चालवायचे, की त्याच्यामागे रेघ उमटत जाते. समभुज त्रिकोणाचा कोन ६० अंशांचा हे पाठ असल्याने मुले लोगोतल्या कासवालाही ६० अंशांतच वळवतात आणि पडद्यावर अर्धा षटकोन उमटतो. एक मुलगी उठून वर्गात स्वतः चालून पाहू लागली, तेव्हा वळायचे ते १२० अंशांतून, हे तिचे तिलाच उमगले. बाह्यकोन मी फळ्यावर इतका चांगला कधीच शिकवू शकलो नाही.

चिटणीस_बी_विंग :
मी वाणिज्य शाखेचा. सोसायटीच्या थकबाकीवरचे व्याज काढायला स्प्रेडशीटमध्ये 'इफ'चे, म्हणजे 'जर असे, तर तसे' सांगणारे सूत्र लिहितो. यास प्रोग्रॅमिंग म्हणावे का?

खडूफळा :
अवश्य म्हणावे, चिटणीससाहेब. थकबाकीदार मात्र वेगळे काही म्हणत असतील.

थेम्सकाठ :
इंग्लंडमध्ये सप्टेंबर २०१४पासून हा विषय पाच वर्षांच्या मुलांनाही आहे, पण सुरुवातीला संगणक लागतोच असे नाही. धाकट्याच्या वर्गात मुले सूचना देत होती आणि बाई त्या तंतोतंत पाळत होत्या. 'पावावर जॅम ठेवा' म्हटल्यावर त्यांनी अख्खी बरणी पावावर ठेवली.

टपालटेबल :
मला हा आग्रह पटत नाही. नोकरीसाठी एमएस-सीआयटी केले, त्यातले फाइल नीट जतन करणे आणि कुठल्याही संगणकावर वाचता येणाऱ्या युनिकोडमध्ये टंकणे रोज कामी येते. जुन्या फॉन्टमधले पत्र दुसऱ्या संगणकावर उघडताच त्याची अगम्य चिन्हे होतात, आणि ते पुन्हा टंकत बसणाऱ्याला प्रोग्रॅमिंगचे महत्त्व सांगण्यात अर्थ नसतो. सक्ती करायचीच असेल, तर आधी याची करावी.

थेम्सकाठ :
टपालटेबल, अशा मजकुराचे युनिकोडमध्ये रूपांतर करणारे छोटे प्रोग्रॅम कुणीतरी लिहिलेलेच असतात.

टपालटेबल :
म्हणजे एकाने लिहिला की बाकीच्यांचे भागते. माझा मुद्दा तोच आहे.

कैरीपन्हे :
खडूफळा, ते कासव घरी कुठे मिळेल?

खडूफळा :
ताई, पायथन या प्रोग्रॅमिंग भाषेत 'टर्टल' नावाने तेच कासव आहे आणि ते विनामूल्य आहे. त्रिकोण मात्र तिलाच काढू द्या.