ओळखीचा मारिओ नव्या कन्सोलवर: उडी तीच राहते का?

उडीबाज
पाठ झालेला खेळ नव्या कन्सोलवर पुन्हा कशाला घ्यायचा, हा प्रश्न दर वेळी निघतो. माझं मत: घ्यावा. 'न्यू सुपर मारिओ ब्रदर्स यू' २०१२ साली निन्टेंडोच्या वी यू कन्सोलवर आला आणि जानेवारी २०१९ मध्ये 'डिलक्स' होऊन त्यांच्याच स्विच कन्सोलवर. लेव्हल त्याच, प्रत्येकीत स्टार कॉइन (शोधायची मोठी नाणी) तीनच. पण चित्र ७२०पीऐवजी डॉकमध्ये (कन्सोल टीव्हीला जोडणाऱ्या खोबणीत) १०८०पी, आणि 'न्यू सुपर लुइजी यू' त्याच कार्डात. त्यात ८२ लेव्हल, प्रत्येकीला १०० सेकंद, मध्ये चेकपॉइंट (मेल्यावर जिथून पुन्हा सुरू होतं ती जागा) नाही. मारिओचा भाऊ लुइजी उंच उडतो पण थांबताना घसरतो, म्हणून मारिओच्या हिशोबाने सोडलेलं बटण इथे खड्ड्यात नेतं. ज्याला मूळ खेळ अंगवळणी पडलाय, त्यालाच या फरकाची खरी गंमत कळते.

कासवकवच
असहमत. यात काय गेलं तेही लिहा. वी यूवर एक जण गेमपॅडच्या (पडदा असलेल्या कंट्रोलरच्या) पडद्यावर बोट टेकवून बाकीच्यांच्या पायाखाली ठोकळे ठेवत असे. एकूण पाच जण खेळत. स्विचवर ती सोय काढून टाकली, कमाल चार खेळाडू. वर मूळ लेव्हलमध्येही नॅबिट हे पात्र खेळायला दिलं, ज्याला शत्रूंचा धक्काच लागत नाही. टोडेट या पात्राला मुकुट मिळाला की ती पीचेट होते, खड्ड्यात पडली तरी एकदा वर फेकली जाते. प्लॅटफॉर्म खेळात चुकलं की पडायचं, एवढाच तर करार असतो. तो सैल केल्यावर 'तोच खेळ' कसं म्हणायचं?

उडीबाज
नॅबिट निवडायची सक्ती नाही. आणि तो खड्ड्यात व लाव्हात मरतोच, पॉवर-अपही (ताकद वाढवणाऱ्या वस्तू) वापरू शकत नाही. चौघांत एक नवखा असेल तर त्याला नॅबिट द्या, मग बाकीच्यांना सारखं थांबावं लागत नाही. पाचव्या खेळाडूचं मात्र मान्य, ते नुकसान आहे.

सोळापिक्सेल
पात्रांवर वाद चाललाय, पण नव्या कन्सोलवर खेळ खरा बिघडतो तो उशिरामुळे. बटण दाबणं आणि पडद्यावर उडी दिसणं यांतलं अंतर.

१९८५ चा 'सुपर मारिओ ब्रदर्स' घ्या. पूर्ण वेगात मारिओ दर फ्रेमला २.५ पिक्सेल सरकतो. ठोकळा १६ पिक्सेलचा. सेकंदाला ६० फ्रेम, म्हणजे एक फ्रेम सुमारे १६.७ मिलिसेकंदांची. टीव्हीने ५० मिलिसेकंद खाल्ले तर तीन फ्रेम, साडेसात पिक्सेल, जवळपास अर्धा ठोकळा. १०० खाल्ले तर सहा फ्रेम, १५ पिक्सेल, जवळजवळ अख्खा ठोकळा. जुन्या पिक्चर ट्यूबच्या टीव्हीवर बसलेली सवय शेवटच्या ठोकळ्याच्या अगदी कडेवर बटण दाबते. उडी नोंदली जाईपर्यंत मारिओच्या पायाखाली काही उरलेलंच नसतं. माणूस म्हणतो, 'हात गेला.' हात ठीक आहे.

पडताळा असा घ्या: एकच खड्डा निवडा, कन्सोल हातात धरून दहा उड्या मारा, मग डॉकमध्ये ठेवून त्याच दहा मारा. फक्त डॉकमध्ये पडत असाल तर दोष टीव्हीचा. त्या एचडीएमआय जोडणीवर गेम मोड लावा आणि हालचाल गुळगुळीत करणारी सेटिंग बंद करा. ती सेटिंग मधल्या फ्रेम बनवण्यासाठी पुढच्या फ्रेमची वाट पाहते, सर्वांत जास्त वेळ तीच खाते.

कासवकवच
हा तर माझ्याच बाजूचा पुरावा झाला. शिवाय नव्या यंत्रावर नेताना खेळाचे नियमही बदलतात. १९९३ च्या 'सुपर मारिओ ऑल-स्टार्स' या संग्रहातल्या आवृत्तीत वीट फोडल्यावर मारिओ वरच जात राहतो, मूळ खेळात तो तिथेच खाली परततो. ज्याचे हात मूळ खेळावर तयार झालेत, त्याला विटांच्या रांगेखाली दर वेळी खटकतं.

सोळापिक्सेल
विटांचं बरोबर. पण तो १९९३ मध्ये नव्याने बनवलेला खेळ होता. स्विचच्या ऑनलाइन सदस्यत्वात मूळ खेळाची एनईएस या जुन्या निन्टेंडो यंत्रावरची आवृत्ती आहे, तिथे मारिओ खालीच परततो. आणि टीव्हीचा उशीर हा खेळाचा गुण नाही, तो काढता येतो.

चौकटराजा
चित्राबद्दल थोडं. एनईएसचं चित्र २५६ बाय २४०. ते १६:९ वर ताणू नका. मारिओ जाडा दिसतो, उडीची कमान चपटी दिसते आणि अंतराचा अंदाज चुकतो. स्विचच्या स्वतःच्या पडद्यावर २४० ची तिप्पट बरोबर ७२०. १०८०पी टीव्हीवर साडेचारपट होते, अर्धा पिक्सेल कुठे तरी वाटावा लागतो, म्हणून पडदा सरकताना कडा थरथरतात किंवा पुसट होतात. टीव्हीवर ४:३ ठेवा, हातात खेळताना पिक्सेल-परफेक्ट (प्रत्येक पिक्सेल पूर्ण पटीत दाखवणारी सेटिंग).

कासवकवच
आणि त्याच सदस्यत्वातली, झेडएल-झेडआर बटणं धरून खेळ मागे नेण्याची सोय? तिने ८-४ चा (आठव्या जगाच्या चौथ्या लेव्हलचा) चक्रव्यूह पाच मिनिटांत संपतो.

उडीबाज
संपवण्यासाठी वापरली तर हो, मजा जाते. सरावासाठी वापरा. ८-१ मधली लांब उडी घ्या. मागे न्या आणि बटण एक ठोकळा आधी दाबून पाहा, मग अर्धा ठोकळा आधी. कुठपर्यंत चालतं ते कळलं की पुन्हा १-१ पासून, मागे न नेता. मूळ यंत्र एकदा बंद केलं की तेवढ्या एका प्रयत्नासाठी सात जगं पुन्हा पार करावी लागत, किंवा ४-२ च्या वेलीवरून वॉर्प झोन (पुढच्या जगांत नेणारी चोरवाट) गाठावा लागे.

कासवकवच
सरावापुरतं मान्य. नॅबिटला विरोध कायम. गेम मोड लावून दहा-दहा उड्यांचा पडताळा घेतो, आकडे इथेच टाकेन.