व्हेनम सुधारला, की त्याच्याहून वाईट कुणी सापडला?

गंगापूररोडकर:
रविवारी मिसळीवर भाच्याशी पेटलेला वाद इथं आणतोय. त्यानं आधी २०१८ चा सिनेमा पाहिला, त्यामुळे त्याच्या लेखी स्पायडर-मॅनच्या कॉमिक्समधला व्हेनम हिरोच. मला हे पटत नाही. १९८८ साली 'अमेझिंग स्पायडर-मॅन'च्या ३०० व्या अंकात डेव्हिड मिशेलिनी आणि टॉड मॅकफार्लन यांनी एडी ब्रॉकला पुढे आणलं, तेव्हा तो चक्क नालायक होता. पत्रकार. सिन-ईटर नावाचा खुनी म्हणून भलत्याच माणसाचं नाव छापून मोकळा झाला. खरा खुनी स्पायडर-मॅननं पकडल्यावर तोंडघशी पडला, नोकरी गेली. खापर कुणावर? स्पायडर-मॅनवर! त्यानंच झिडकारलेला परग्रहावरचा काळा जीव मग एडीला चिकटला, आणि दोघांचा मिळून झाला व्हेनम.

१९९२ ला कार्नेज नावाचा दुसरा खलनायक आला. हा क्लीटस कॅसडी निव्वळ मजेखातर मुडदे पाडतो. त्याच्या शेजारी उभं केलं तर कुणीही सज्जन दिसेल. लगेच १९९३ ला 'लीथल प्रोटेक्टर' ही व्हेनमची स्वतःची मालिका निघाली आणि साहेब सॅन फ्रान्सिस्कोत बेघरांचे कैवारी झाले.

रामकुंडावरचा:
कार्नेज येण्याआधीचे अंक चाळा की भाऊ. हा पठ्ठ्या स्पायडर-मॅनच्या मे काकूच्या घरी जाऊन बसला होता, पण म्हातारीच्या केसालाही धक्का लावला नाही. निरपराधांना हात लावायचा नाही, हे त्याच्या डोक्यात पहिल्यापासून होतं. ३७५ व्या अंकात स्पायडर-मॅननं एडीच्या घटस्फोटित बायकोला, अ‍ॅनला वाचवलं, तिथं याचं वैर निवलं. याला बदल नाही म्हणायचं तर कशाला म्हणायचं?

गंगापूररोडकर:
निरपराध कोण, हे ठरवतं कोण? एडीच ना! व्हॉल्ट तुरुंगातला ह्यू टेलर नावाचा पहारेकरी त्यानं मारला. पगारावर ड्यूटी करणारा माणूस. पुढे ह्यूचा बाप सूड घ्यायला 'ज्युरी' नावाची टोळी उभी करतो, आणि 'लीथल प्रोटेक्टर'मध्ये आपण त्या बापालाच शिव्या घालायच्या. पोरगा गेलेल्या माणसाला! मला खटकतं ते हेच.

तपोवनवाली:
नाशिकमध्ये राहून तुम्हाला याचं नवल वाटतं? तपोवनात लक्ष्मण शूर्पणखेचं नाक कापतोय, त्या शिल्पापुढं आपण सगळे फोटो काढून आलोय. तिची बाजू किती जणांनी विचारली? खलनायकाला बोलू दिलं तर मला तरी बरंच वाटतं. व्हेनमला तोंडही भरपूर आहे म्हणा.

जुनंसिडको:
ताई, बोलू द्या, पण माफी कशाबद्दल? वाल्या कोळ्याला आधी घरच्यांनी सुनावलं की तुझ्या पापात आमचा वाटा नाही. मग अंगावर वारूळ चढेपर्यंत बसला. व्हेनमला नुसतं शहर बदलून मिळालं. खप होता हो, बाकी काही नाही.

रामकुंडावरचा:
खपासाठी लिहिलं म्हणून गोष्ट खोटी ठरते का? मग कॉमिक्सच बंद करा.

द्राक्षबागवाला:
एडीला सोडा. फ्लॅश थॉम्प्सन बघा. शाळेत पीटरला, म्हणजे स्पायडर-मॅनलाच, छळणारा, पुढे सैन्यात गेला, इराकमध्ये दोन्ही पाय गमावले. २०११ ला सरकारनं तोच काळा जीव त्याच्या अंगावर चढवला. दर मोहिमेत धास्ती एकच, आपला ताबा सुटेल. अँटी-हिरो म्हणतात तो हा.

गंगापूररोडकर:
फ्लॅश मुळात खलनायक होता कुठं? दादागिरी करणारं पोरगं होतं ते. धागा एडीचा आहे. त्या पहारेकऱ्याच्या बापाचं काय, त्याचं उत्तर अजून कुणी दिलेलं नाही.