बॅटरी काढलेला लॅपटॉप: स्लीपमध्ये वीज गेली की काम का जातं?

प्रश्न: बॅटरी फुगली म्हणून काढली, लॅपटॉप थेट चार्जरवर चालतो. विंडोजमध्ये हायबरनेट चालू आहे, तरी स्लीपमध्ये वीज गेली की उघडं काम साफ. असं का?

उत्तर १: स्लीपमध्ये सगळं रॅममध्येच, म्हणजे वीज असेपर्यंतच टिकणाऱ्या मेमरीत राहतं. तिच्यातल्या कपॅसिटरना (डेटा विद्युतभाराच्या रूपात धरणारे बारीक भाग) साधारण दर ६४ मिलिसेकंदांत रिफ्रेश, म्हणजे पुन्हा भरणं, लागतं. वीज तुटली की खेळ खलास. हायबरनेट तीच रॅम डिस्कवर उतरवतं, पण लिहायला काही सेकंद वीज हवी. एरवी बॅटरी तळाला गेली की मशीन हे आपणहून करतं. इथे बॅटरीच नाही, तर इशारा देणार कोण?

उत्तर २: पॉवर ऑप्शन्सच्या अ‍ॅडव्हान्स्ड सेटिंगमध्ये ‘स्लीप’खाली ‘अलाऊ हायब्रिड स्लीप’ ऑन करा. झोपण्याआधीच डिस्कवर प्रत पडते. पर्याय दिसत नसेल तर झाकण मिटल्यावर थेट हायबरनेट लावा.

उत्तर ३: पण चालू मशीनची वीज गेली तर यातलं काहीच कामाचं नाही. वर्डचा ऑटोरिकव्हर (ठरावीक वेळाने आपोआप प्रत ठेवणारी सोय) मुळात १० मिनिटांवर असतो, तो १ वर आणा. डिस्कच्या पॉलिसीजमध्ये ‘राइट-कॅश बफर फ्लशिंग’ (तात्पुरत्या साठ्यातला डेटा डिस्कवर पक्का उतरवणं) बंद करणारी खूण असेल तर आधी काढा, नाहीतर सेव्ह केलेली फाइलही अर्धवट राहू शकते. खरा उपाय नवी बॅटरीच. तोवर छोटा यूपीएस.