सल्ला हवा: सहा हजार पाउंडात उघड्या टपाची जुनी गाडी (इंग्लंड)

मिल्टनकर
मंडळी, मुक्काम मिल्टन कीन्स. रोजच्या धावपळीला घरात हॅचबॅक आहे, ती राहणारच. पण टप उघडणारी दोन सीटची गाडी घ्यायचं खूळ बरेच दिवस डोक्यात आहे आणि आता घरून परवानगीही मिळाली आहे, तेव्हा ती मागे घेतली जायच्या आत उरकायला हवं. बजेट सहा हजार पाउंड, ताणून साडेसहा. विमा आणि कर वेगळे. वापर रविवारचा, उन्हाळ्यात एखादी वेल्सची फेरी.
यादीत सध्या माझदा एमएक्स-५, बीएमडब्ल्यू झी३, पहिली मर्सिडीज एसएलके, पहिली पोर्शे बॉक्सस्टर (९८६) आणि एमजी टीएफ आहेत. या सगळ्यांना हल्ली 'मॉडर्न क्लासिक' म्हणतात, म्हणजे पुढेमागे भाव चढेल अशी आशा. तेलपाणी, ब्रेक पॅड एवढं मी घरी करतो. इंजिन उतरवायचा वकूब नाही. जाणकारांनी प्रकाश टाकावा.

घाटवळण
एमएक्स-५. धागा बंद करा. (हलके घ्या.)

हातगियर
घाटवळण, एवढ्यात बंद नको, मला पोर्शेची बाजू मांडायची आहे.
मिल्टनकर, माझ्याकडे ९८६ आहे, २.७ लिटरची. सहा सिलिंडरचं इंजिन तुमच्या पाठीमागे, अगदी कानाशी असतं. बोगद्यात टप उघडून एकदा तिसऱ्या गियरमध्ये ऐका आणि मग एमएक्स-५ चं नाव घ्या. डिकी दोन, एक पुढे आणि एक मागे, त्यामुळे दोघांचं आठवड्याचं सामान आरामात मावतं. सहा हजारात चांगल्या हाताची निघते, फक्त घाई करू नका.

दहाबाराचा पाना
लेस्टरला गॅरेजात काम करतो. या यादीतली प्रत्येक गाडी लिफ्टवर चढवून खालून पाहिलेली आहे, म्हणून जरा सविस्तर लिहितो.
आधी भाव वाढायचं. ते डोक्यातून काढा. समजा सात वर्षांत गाडी दोन हजारांनी वाढली. तेवढ्यात सात विमे, सात एमओटी (दरवर्षीची सक्तीची तपासणी), रोड टॅक्स, टायरचा एक जोड, बॅटरी आणि एक कापडी टप एवढं होऊन जातं. बसवण्याच्या मजुरीसकट टपच तुमची निम्मी 'कमाई' खातो. ज्यांच्या किमती खरोखर चढल्या, उदाहरणार्थ होंडा एस२०००, त्या तुमच्या बजेटच्या केव्हाच बाहेर गेल्या. सहा हजारात एवढंच साधता येतं की विकताना फार मार बसू नये. त्यासाठी मॉडेलपेक्षा पत्रा महत्त्वाचा. इथे हिवाळ्यात रस्त्यांवर मीठ टाकतात. वीस-पंचवीस वर्षं ते मीठ खाल्लेल्या गाडीचं इंजिन दुसरं मिळतं, पत्रा मिळत नाही.
आता एमएक्स-५. पहिली पिढी १९८९ ते ९७, दिवे वर उघडणारी. दुसरी ९८ ते २००५, तिसरी २००५ ते १५. पहिलीची चांगली गाडी आता तुमच्या बजेटच्या काठावर किंवा काठापलीकडे आहे, आणि बजेटमध्ये बसणारी पहिली बहुधा चांगली नसते. दुसरी मात्र आरामात बसते, शिवाय दुरुस्तीला पैसे उरतात.
पहिल्या दोन्ही पिढ्यांचं दुखणं म्हणजे सिल, दाराखालचा तो बंद डबा. टपाच्या कडेला पडलेलं पाणी सीटमागच्या कोपऱ्यातल्या नळीतून खाली जातं. नळीत पालापाचोळा अडकला की पाणी आतच मुरतं आणि सिल मागच्या चाकाच्या बाजूने कुजत येतो. बाहेरून रंगाला नुसते फोड दिसतात. फोड दिसला म्हणजे आत भोक पडलंय असंच धरा. दुसऱ्या पिढीत अजून एक भानगड: पुढच्या चासी रेलला आतून दुसरा थर आहे, ओल त्या दोन थरांत बसते आणि रेल आतून बाहेर गंजत येतो. वरून प्लास्टिकचा अंडरट्रे असल्यामुळे बघणाऱ्याला पत्ता लागत नाही. ट्रे काढून, टॉर्च मारून, बोटाने दाबून बघायचं. सिल आणि रेल दोन्ही खणखणीत असतील तर बाकी गाडी फार त्रास देत नाही. सुटे भाग सगळे मिळतात, जुने-नवे दोन्ही.
हातगियर ताई, पोर्शेवर आपलं भांडण नाही, पण आयएमएस बेअरिंगचं तुम्ही लिहिलं नाहीत.

हातगियर
लिहिणारच होते, पाना दादा. ते बेअरिंग इंजिनाच्या आत, मधल्या शाफ्टच्या टोकाला असतं. ते तुटलं तर इंजिन गेलं. पण सगळ्यांचंच तुटत नाही, आणि सुरुवातीच्या गाड्यांतलं दुहेरी बेअरिंग नंतरच्या एकेरीपेक्षा टिकाऊ मानतात. शहाणपण यात की क्लच बदलताना गियरबॉक्स उतरवावाच लागतो, तेव्हाच बेअरिंगही बदलून घ्यायचं. ज्याच्या फाइलमध्ये असं काम केल्याची पावती आहे, ती गाडी बघावी. नसेल तर तेवढे पैसे किमतीतून मागावेत.
दुसरं, टपाच्या पाण्याच्या वाटा हिलाही साफ ठेवाव्या लागतात. पाणी आत आलं की सीटखालच्या अलार्म-इमोबिलायझरच्या डब्यात शिरतं आणि मग किल्ली असूनही गाडी तुम्हाला ओळखत नाही.

दहाबाराचा पाना
हे पटलं. फक्त मिल्टनकरांनी एक ध्यानात घ्यावं: गाडी सहा हजारांची झाली तरी तिचे भाग आणि मजुरी नव्या पोर्शेच्याच भावाने येतात. साडेचारची गाडी आणि दीड हजार राखीव, असा हिशेब जमत असेल तर खुशाल घ्या. सगळे सहा किमतीतच घातले तर रात्री झोप लागणार नाही.

तळेगाव_टू_टूटिंग
लंडनवाल्यांच्या वतीने: युलेझ बघा, म्हणजे जास्त प्रदूषण करणाऱ्या गाड्यांना रोज पैसे भरायला लावणारा पट्टा. २९ ऑगस्ट २०२३ पासून अख्खं ग्रेटर लंडन त्यात आलंय. पेट्रोल गाडी साधारण युरो ४ (प्रदूषणाचं मानक) हवी, नाहीतर दिवसाचे साडेबारा पाउंड. २००५ च्या आधीच्याही काही गाड्या बसतात, त्यामुळे वर्षावर न जाता नंबर टाकूनच तपासा. जपानहून आणलेल्या जुन्या एमएक्स-५ (तिकडचं नाव युनोस रोडस्टर) पत्र्याने पुष्कळदा बऱ्या असतात, पण त्यांच्या प्रदूषणाच्या नोंदी इथे नीट नसतात. लंडनला यायचं असेल तर आधी खात्री करा.
रोड टॅक्सचीही एक गोम आहे. १ मार्च २००१ च्या आधी नोंदलेल्या गाडीला इंजिनाच्या आकारावर कर, १५४९ सीसीच्या आत कमी आणि वर जास्त. त्यानंतर धुरावर. आणि २३ मार्च २००६ पासून नोंदलेल्या जास्त धूरवाल्यांना सगळ्यात वरचे दर. एकच मॉडेल, एकच इंजिन, फेब्रुवारीत नोंदलेली स्वस्त आणि एप्रिलमधली महाग, असं होतं. झी३ नंतरची झी४ बघायच्या मोहात पडलात तर तारीख पाहून पडा.

आजोळ_वाई
एक बाळबोध शंका. भारतातून आई-वडील आले की कुठे बसवणार? आमच्याकडे याच प्रश्नावर दोन सीटचा विषय संपला आणि चार सीटची साब ९-३ आली. टप कापडी, मागे दोन मोठी माणसं खरोखर बसतात. कंपनी २०११ च्या डिसेंबरमध्ये दिवाळखोर झाली, पण रोजचे लागणारे भाग अजून मिळतात. लोक कंपनी बुडाली म्हणून घाबरतात, त्यामुळे भाव नरम असतो.

मिल्टनकर
आजोळ_वाई, आई-बाबांना हॅचबॅक. बाबा तसेही टप उघडा म्हटल्यावर मफलर मागतील.
पाना दादा, उरलेल्या तिघींबद्दल?

दहाबाराचा पाना
झी३: सहा सिलिंडरची देखणी आणि टणक, पण मागचं कार्पेट उचलून डिकीचा तळ बघा. डिफरन्शियल (मागच्या चाकांना जोर वाटून देणारा गियरचा डबा) जिथे टांगलेलं असतं तिथला पत्रा फाटतो, स्पॉट वेल्ड सुटतात. दुरुस्ती होते, पण ती कापाकापी आहे. १.९ चार सिलिंडर घेतलीत तर फाटायची भीती कमी आणि मजाही कमी.
एसएलके: पत्र्याचा टप आपणहून दुमडून डिकीत जातो, शेजारीपाजारी बघत राहतात. त्याच्या हायड्रॉलिकची गळती आणि चाकांवरच्या कमानींचा गंज, हे दोन बघा. चालवायला आरामगाडी आहे. वेल्समधल्या वळणांवर हसू यावं अशी अपेक्षा असेल तर ही नव्हे.
टीएफ आणि तिच्या आधीची एमजी एफ: के-सिरीज इंजिनाचं हेड गॅस्केट (इंजिनाच्या सांध्यातली पातळ पट्टी) जातं हे तर जगजाहीर. सुधारित, अनेक थरांचं स्टीलचं गॅस्केट घातलेलं असेल तर चालते. इंजिन मध्ये आणि रेडिएटर पुढे, त्यामुळे पाण्याचे पाइप गाडीच्या पोटाखालून जातात. मूळचे लोखंडी असतील तर कुजलेले असणार, स्टेनलेसचे बदललेत का विचारा. एमजी एफचं सस्पेन्शन हायड्रागॅसचं (स्प्रिंगऐवजी वायू आणि द्रव), टीएफला साध्या स्प्रिंग, म्हणून घेतलीत तर टीएफ. यादीतली बहुधा सगळ्यात स्वस्त हीच, आणि स्वस्त का ते वर आलंच.
तुमच्या यादीत नसलेली टोयोटा एमआर२ रोडस्टरही बघा, १९९९ ते २००७. चालवायला फार गोड. २००३ च्या आधीच्या गाड्यांत एक्झॉस्टमधला प्री-कॅट (धूर स्वच्छ करणारा छोटा भाग) चुरा होऊन इंजिनात ओढला जायची आणि तेल पिण्याची तक्रार असते. सामानाला मात्र जागा जवळजवळ नाही. वेल्सला जाताना दोघांचे टूथब्रश न्या.

घाटवळण
अवांतर: आपल्याकडेही दोन दारांची उघडी गाडी झाली होती, सॅन स्टॉर्म. फायबरची बॉडी, रेनोचं १.२ लिटरचं इंजिन. आता आठवणारेही कमीच उरले असतील.
मिल्टनकर, कायमचे परतलात तर गाडी पुण्याला नेता येईल का, असाही विचार असेल तर तो सोडा. वापरलेली गाडी तीन वर्षांपेक्षा जुनी असेल तर भारतात आणता येत नाही, आणि वर ड्यूटी अशी की तेवढ्यात तिकडे नवीन एसयूव्ही येईल.

मिल्टनकर
सगळ्यांचे आभार. मन एमएक्स-५ दुसऱ्या पिढीवर बसलंय. (हातगियर ताई, रागावू नका.) एक जाहिरात सापडली आहे. २००२ ची, १.८ लिटर, ७८ हजार मैल, २,९५० पाउंड, फोटोत एकदम चकाचक. सरकारी साइटवर नंबर टाकून एमओटीचा इतिहास काढला, तो असा:
२०१९: पास, सूचना 'मागचे दोन्ही सिल गंजलेले'. २०२०: नापास, डावा सिल गंजून कमकुवत, दोन दिवसांनी पास. २०२१, २२, २३: पास, एकही सूचना नाही. २०२४: पास, सूचना 'खालचा भाग अंडरसीलने (गंजरोधक लेपाने) झाकलेला'. २०२० ते २३ मध्ये गाडी जेमतेम नऊशे मैल चालली.
कसं वाटतं?

दहाबाराचा पाना
हे वाचायला शिकलात तर निम्मं काम झालं. माझं वाचन असं:
२०१९ ला दोन्ही सिल गंजले होते. २०२० ला नापास फक्त डावा झाला आणि दोन दिवसांत पास झाला. सिल नीट करायचा तर कुजलेला भाग कापून, आतला थरही बदलून, नवीन पत्रा वेल्ड करावा लागतो. दोन दिवसांत ते होऊ शकतं, पण बहुतेक वेळा होतं ते असं की वरून ठिगळ मारतात, त्यावर लांबी भरतात आणि रंग फासतात. आत गंज चालूच. उजव्याचं काय झालं? तो आपोआप बरा झालेला नाही. पुढची तीन वर्षं सूचना नाहीत याचा अर्थ गंज नाही असा घेऊ नका, तपासणाऱ्याला झाकण उघडायची परवानगी नसते, त्याला जे दिसतं तेवढंच तो लिहितो. आणि मग विकायच्या आधी काळं अंडरसील. सुकी, स्वच्छ गाडी अंडरसील केली तर ते संरक्षण, गंजावर केलं तर ते पांघरूण.
नऊशे मैल हेही चांगलं लक्षण समजू नका. बाहेर उभी राहिली असेल तर पाण्याच्या नळ्या तुंबलेल्या असणार.
तरी बघायची असेल तर विक्रेत्याकडे तीन गोष्टी मागा: २०२० च्या वेल्डिंगची पावती आणि जमल्यास कामाचे फोटो, अंडरट्रे काढून पुढच्या दोन्ही रेलचे फोटो, आणि मी येईपर्यंत इंजिन सुरू करू नका. गेल्यावर बॉनेटला हात लावून बघा, कोमट असेल तर थंड इंजिनाचा आवाज तुमच्यापासून लपवलाय.

हातगियर
रागावले नाही, मिल्टनकर. पण बघायला जाल तेव्हा सीटमागच्या कार्पेटखाली हात घाला. ओलं लागलं तर निघा. आणि पाऊस पडत असताना गाडीचा रंग बघू नका, ओल्या रंगात सगळे ओरखडे लपतात. टप गळतो का ते मात्र पावसातच कळतं, तेव्हा दोनदा जा.

तळेगाव_टू_टूटिंग
विम्यासाठी: दुसरी गाडी, वर्षाला मर्यादित मैल, असं सांगून क्लासिक पॉलिसी विचारा. त्यात गाडीची किंमत आधी ठरवून घेता येते. नाहीतर अपघात झाला की कंपनी तुमच्या लाडक्या गाडीला जुन्या हॅचबॅकचा भाव लावते. आणि जुन्या मालकाचा रोड टॅक्स गाडीबरोबर येत नाही, घरी चालवत आणायच्या आधी स्वतःच्या नावाने भरा.

मिल्टनकर
विचारलं. पावती 'सापडत नाही'. अंडरट्रेचे बोल्ट गंजलेत म्हणून निघत नाहीत. 'एकदा चालवून तर बघा, प्रेमात पडाल' म्हणाला.

दहाबाराचा पाना
बोल्ट निघत नाहीत हेच उत्तर. ही सोडा. आता नोव्हेंबर आहे, उघड्या टपाच्या गाड्यांना फेब्रुवारीपर्यंत गिऱ्हाईक कमी असतं आणि मेमध्ये भाव चढतात. साडेतीन ते साडेचारमधल्या, जुन्या पावत्यांची फाइल असलेल्या बघा. नंबर इथे टाकू नका, मला व्यक्तिगत निरोप करा, इतिहास मी वाचून देतो.

घाटवळण
मी पहिल्याच प्रतिसादात सांगितलं होतं.