हाताने काढलेलं कारचं स्केच क्रितात घेतल्यावर रेघ मरते आणि चाकं तिरकी दिसतात

निळी_पेन्सिल:
हॅचबॅकचं फ्रंट थ्री-क्वार्टर (पुढून तिरकं, नाक आणि एक बाजू दोन्ही दिसणारं) स्केच आहे. ए४ कागद, खाली फिकट निळ्या पेन्सिलचा कच्चा आराखडा, वर काळं बॉलपेन. मोबाइलने फोटो काढून क्रिता या चित्रकलेच्या सॉफ्टवेअरमध्ये उघडलं. तीन गोष्टी जमत नाहीत. निळी पेन्सिल घालवायला गेलं की पेनच्या बारीक रेघाही उडतात. कागदावर ठीक वाटणारी चाकं पडद्यावर तिरकी दिसतात. आणि वर नव्या लेयरवर (पारदर्शक थरावर) गिरवलं की रेघ निर्जीव होते. टॅब्लेट लहान, बिनपडद्याचा आहे. इंकस्केप या वेक्टर सॉफ्टवेअरमध्ये ट्रेस करून घेतलं (म्हणजे रेघा आपोआप वक्रांत बदलून घेतल्या) तर सुटेल का?

रेषाबंध:
आधी कागद नीट आत आणा, निम्मं दुखणं तिथेच आहे. स्कॅनर मिळाला तर ३०० डीपीआय, रंगीत मोडमध्ये, पीएनजी किंवा टिफमध्ये सेव्ह करा. ए४ चे २४८० × ३५०८ पिक्सेल येतात, रेंडरिंगपर्यंत पुरतात. ग्रेस्केल स्कॅन नको, कारण निळा रंग वेगळा काढण्याची सोयच त्यात उरत नाही. जेपेगही नको: त्यात रंगाची माहिती उजेडापेक्षा जास्त दाबली जाते आणि निळ्याची भुतं पेनच्या कडेला चिकटून राहतात. कागद पातळ असेल तर पाठीमागे काळा कागद ठेवा, मागच्या पानावरचं उमटत नाही.

फोटोच काढायचा असेल तर जवळ जाऊ नका. मोबाइलची मुख्य लेन्स वाइड असते. जवळून काढलं की फोन जरा कलला तरी कडेच्या वस्तू ताणल्या जातात, आणि चाकं नेमकी कागदाच्या कडेला असतात. मागे सरका, २एक्स झूम घ्या, फोन कागदाला समांतर धरा. मग ट्रान्सफॉर्म टूलच्या पर्स्पेक्टिव्ह मोडमध्ये कागदाचे चार कोपरे कॅनव्हासच्या चार कोपऱ्यांवर बसवा.

निळं घालवायला इरेझर किंवा ब्राइटनेस वापरू नका. इमेज मेन्यूतल्या 'सेपरेट इमेज'ने तिन्ही चॅनल (लाल, हिरवा, निळा) लेयर म्हणून वेगळे करा आणि निळा चॅनल ठेवा. निळी रेघ त्या चॅनलमध्ये कागदाइतकीच उजळ असल्याने जवळपास नाहीशी होते, काळी तशीच राहते. नंतर लेव्हल्समध्ये (उजेड-काळोखाच्या मर्यादा ठरवणारा फिल्टर) पांढरी खूण २५५ वरून २२५-२३० पर्यंत आणा, तेवढ्यात कागदाचा करडेपणा जातो. ती याहून फार आत ढकलली की रेघांची निमुळती टोकं तुटतात. शेवटी 'कलर टू अल्फा'ने पांढरं काढा, रेघ पारदर्शक लेयरवर सुटी मिळते.

पेनच निळं असेल तर ही युक्ती उलटते. मग लाल चॅनल घ्यावा लागतो, आणि खालची पेन्सिलही सोबत येते.

चाकधुरी:
चाकांबद्दल. दोन पुढच्या चाकांचे मध्य जोडणारी, म्हणजे अ‍ॅक्सलची रेघ एका वेगळ्या लेयरवर ओढा. तिरकं चाक लंबवर्तुळ दिसतं; त्याचा लहान अक्ष त्या रेघेवर पडला पाहिजे, लांब अक्ष तिला काटकोनात. लांब अक्ष सरळ उभा ठेवायची सवय सगळ्यांना असते, पण तो उभा तेव्हाच येतो जेव्हा डोळ्याची पातळी चाकाच्या मध्याइतकी असते. थोडं वरून बघत असाल तर तो कलतोच. मागच्या चाकाचं लंबवर्तुळ पुढच्यापेक्षा लहान आणि जास्त अरुंद असतं, म्हणून पुढचं चाक कॉपी करून मागे बसवलं की गाडी मोडल्यासारखी दिसते.

क्रितात असिस्टंट टूलमधलं एलिप्स घ्या: पहिले दोन बिंदू एका अक्षाची टोकं, तिसरा रुंदी ठरवतो. ब्रशच्या पर्यायांत 'स्नॅप टू असिस्टंट्स' चालू करा. टायर आणि रिमची लंबवर्तुळं एकाच मध्यावर ठेवू नका, रिमचा तळ अ‍ॅक्सलच्या रेघेवरून आत सरकतो. तो न सरकवल्यामुळेच रिम स्टिकरसारखी चपटी दिसते.

प्रमाण थ्री-क्वार्टरमध्ये मोजता येत नाही, बाजूला छोटा साइड व्ह्यू काढून तपासा. मारुती स्विफ्टचा व्हीलबेस २४५० मिमी, १८५/६५ आर१५ टायरचा व्यास सुमारे ६२१ मिमी, म्हणजे मध्य ते मध्य जेमतेम चार चाकं. स्केचमध्ये चाक मुद्दाम मोठं घेऊन तीन-साडेतीन करतात, ते चालतं. फक्त उंचीचा हिशोबही त्याच चाकाने करा.

आणि एक गोष्ट आधी बघा. टॅब्लेटच्या ड्रायव्हरमध्ये पॅडचं आणि पडद्याचं गुणोत्तर सारखं आहे का? वॅकॉममध्ये 'फोर्स प्रपोर्शन्स', इतरांत नाव वेगळं. ते बंद असेल तर हाताने काढलेलं वर्तुळ पडद्यावर चेपलेलं येतं आणि दोष तुम्ही स्वतःच्या हाताला देत बसता.

निळी_पेन्सिल:
ते बंदच होतं! धन्यवाद. आता रेघेचं सांगा. स्टॅबिलायझर (हाताची थरथर गुळगुळीत करणारी सोय) पूर्ण वाढवून ठेवलाय.

रेषाबंध:
तिथेच मरतेय ती. त्यातला डिस्टन्स जास्त असला की रेघ हातामागून रेंगाळते, तुम्ही वेग कमी करता, आणि हळू ओढलेल्या रेघेत वळणाचा ताण राहत नाही. 'वेटेड' स्मूदिंग कमीत कमी ठेवा. झूम असा ठेवा की अख्खी गाडी पडद्यावर मावेल. २००% वर गिरवली तर छताची रेघ दहा तुकड्यांची होते. कीबोर्डवरच्या ४ आणि ६ ने कॅनव्हास फिरवून हाताला सोयीचा कोन आणा, बॉनेटपासून शेपटीपर्यंत एका दमात ओढा, फसली की अनडू. दोन्ही टोकांना रेघ पुढे जाऊ द्या, जादा भाग मास्कने झाका. बाह्यरेषा १०-१२ पिक्सेल, बॉडीवरच्या कडा ५-६, दारांच्या फटी ३. सगळ्या एकाच जाडीच्या ठेवल्या तर मूळ रेघ कितीही चांगली असो, चित्र नकाशासारखं दिसतं. मूळ पेनची लेयर २०-३०% वर खाली राहू द्या, तिचा खरखरीतपणा उपयोगी पडतो.

इंकस्केपचं ऑटो ट्रेस नको. ते रेघेच्या दोन्ही कडा पकडतं आणि शेकडो नोड (वक्राचे बिंदू) देतं, एक हलवला की बाजूला टेंगूळ. वेक्टर हवंच असेल तर हाताने बेझिए वक्र काढा: छताच्या अख्ख्या रेघेला तीन-चार नोड, तेही वळण बदलतं तिथेच.

चाकधुरी:
थोडं असहमत. लोअर सिल (दारांखालची पट्टी), खिडकीची खालची कड, अशा लांब सपाट रेघांना स्टॅबिलायझर खुशाल वापरा. छत आणि फेंडर मात्र हातानेच.

आकार दुरुस्त करायचा असेल, उदाहरणार्थ छत खाली आणायचं, तर तो कच्च्या लेयरवर करा. पक्क्या रेघांवर लिक्विफाय (ओढून-ताणून आकार बदलणारी सोय) चालवलं की त्या कुठे जाड, कुठे धूसर होतात. दर थोड्या वेळाने एम दाबून चित्र आरशात दिसतं तसं उलटं बघा, नाक एका बाजूला झुकलंय का ते लगेच कळतं. रंगाला हात लावायचा तो यानंतर: बॉडीला मध्यम करडा, म्हणजे उजेड आणि सावली दोन्हीला जागा उरते, आणि काचा सगळ्यात शेवटी.