वनहक्क दावा नामंजूर झाला, आता काय करावं? अनुभव असलेल्यांनी सांगा

धानवाली
नमस्कार. पूर्व विदर्भातलं गाव हाय आमचं, तालुका लिहीत नाही. आम्ही गोंड. जंगलाच्या कडेची तीन एकर जागा आज्यानं काढली, बाबांनी बांध्या, म्हणजे धानाची बांध घातलेली वावरं, टाकल्या, बाबा गेल्यावर माय न मी धान रोवतो. वनहक्क कायद्याखाली या जागेचा दावा मायच्या नावानं होता, ग्रामसभेनं मंजूर करून पाठवला आणि आता उपविभागीय समितीचं लेटर आलं का 13 डिसेंबर 2005 च्या आधीचा कब्जा सिद्ध होत नाही म्हणून अमान्य. फॉरेस्टवाल्यांनी आज्याले दंड केला होता तेच्या पावत्या होत्या जी, पण पेटीत उधईनं खाल्ल्या. गावातला एक जण म्हणते दहा हजार द्या, पट्टा (जागेच्या हक्काचा कागद) आणून देतो. माय रात्रभर जागी रायते. कोणाले विचारावं, कोणते कागद जोडावं?

वनहक्क समितीतला
ताई, पहिलं म्हणजे त्या माणसाले एक रुपया देऊ नका. दाव्याले फी नाही, अपिलाले नाही, फॉर्मसुद्धा फुकट भेटला पाहिजे.
दुसरं, लेटर हातात कोणत्या तारखेले आलं ते लिहून ठेवा, पाकीट असन तर तेही जपा. उपविभागीय समितीच्या निर्णयावर जिल्हास्तरीय समितीकडे, म्हणजे कलेक्टर अध्यक्ष असतात तिच्याकडे, 60 दिवसांत अपील करता येते, समितीले वाटलं तर अजून 30 दिवस वाढवून देते. पण वाढीव दिवसांच्या भरवशावर राहू नका. पोच घेतल्याशिवाय अर्ज टेबलावर सोडायचा नाही, हे मी दहा जणांले सांगतो अन सहा जण तरी विसरतात.
आता पावत्यांचं. वनहक्क कायद्याच्या 2012 च्या सुधारित नियमांत स्पष्ट हाय का दंडाच्या पावत्या, अतिक्रमणाच्या याद्या, पीओआर (फॉरेस्टवाल्यांचा गुन्ह्याचा पहिला रिपोर्ट) हे नाहीत एवढ्याच कारणावर दावा नाकारता येत नाही. अमुकच कागद आणा असा हट्टही समितीले धरता येत नाही. आणि ग्रामसभेचा ठराव अपुरा वाटला तर नाकारायच्या आधी फेरविचारासाठी ग्रामसभेकडे परत पाठवावा असं नियमात हाय. तुमचा परत आला होता का? नसन आला तर अपिलात हाच पहिला मुद्दा लिहा.

नागपूरकर_७
एवढं कशाला, सरळ हायकोर्टात रिट टाका.

वनहक्क समितीतला
भाऊ, कोर्टात पहिला प्रश्न हाच येऊ शकते का अपील केलं का. आधी जिल्हा समिती. गाव अनुसूचित क्षेत्रात असन तर तिच्या वरही वाट हाय, राज्यपालांनी 2020 मध्ये अधिसूचना काढून विभागीय समिती केली.

पाळीवरची बाई
आमच्या सासऱ्याचाही असाच अडकला होता, कागद काहीच नव्हता, म्हातारीच्या जबाबावर काम झालं म्हणून लिहितो. नियम 13 मध्ये दावेदार सोडून गावातल्या वयस्कर माणसाचा लेखी जबाब हा पुरावा धरला जाते. पण जबाब लिहून घेताना चूक होते, सगळे "फार वर्षांपासून कसतात" असं लिहितात, तेनं काही होत नाही. आम्ही शेजारच्या आजीले विचारलं का पहिला नांगर कधी लागला, ती म्हणे गडचिरोली जिल्हा चांद्यातून वेगळा निघाला त्या साली, म्हणजे 1982. मग विचारलं बोडी, म्हणजे लहान तळं, कोणी खोदली, मोठी बांधी कोणत्या पोराच्या जन्माच्या आधीची, तिले सगळं आठवे, आम्हालेच विचारायचं सुचलं नव्हतं. तिच्याच शब्दांत लिहिलं, वाचून दाखवलं, मग अंगठा घेतला.
जागाही पुरावा असते. बांध्या, धुरे, बोडी, झोपडी, सपाट केलेली जमीन, सगळ्याचे फोटो काढा. तिथं पेन ठाणा (गोंडांच्या देवाची जागा) किंवा वाडवडिलांच्या पुरलेल्या जागा असतील तर त्याही लिहा. वंशावळ जोडा. एकाहून जास्त प्रकारचे पुरावे लागतात, जबाब अन जागा धरून दोन तिथंच झाले. मतदारयादीत आज्याचं नाव सापडलं तर लय बरं.
आणि बाई, रोवणा थांबवू नका. पडताळणीचं काम पूर्ण होईपर्यंत कब्जातून काढता येत नाही, कायद्याच्या कलम 4(5) मध्ये हाय.

धानवाली
देव भलं करो तुमचं. समिती म्हणे सॅटेलाइट नकाशात 2005 साली तिथं झाडं दिसतात. पण बांधीत मोहाची चार झाडं आज्यानं मुद्दाम ठेवली होती, मोह कोण तोडन जी?

वनहक्क समितीतला
हे तर अपिलात लिहाच. सॅटेलाइट हा फक्त जोडपुरावा, बाकी पुराव्यांच्या जागी तो धरता येत नाही, असं नियमच सांगते. मोहाच्या झाडाखाली उभं राहून मायचा फोटो काढा, मागं बांधी दिसली पाहिजे. ग्रामसभाही पुन्हा घ्या अन ठराव नीट लिहा. कोरम सदस्यांच्या निम्म्याचा, हजर असणाऱ्यांत तिसरा हिस्सा बाया, दाव्यावर ठराव असन तर दावेदारही निम्मे हजर पाहिजेत. ठराव कच्चा राहिला तर मेहनत वाया जाते. गडचिरोलीतल्या मेंढा लेखा गावाले 2009 मध्ये सामूहिक हक्क भेटले ते ग्रामसभा तिथं खरंच बसते म्हणून, हे मी नेहमी सांगतो.

धानवाली
शेजारचे काका ढिवर हायत, तेंचाही दावा पडला. तेंनाही हेच लागू का?

पाळीवरची बाई
अपिलाची वाट तीच. पण आदिवासी नसणाऱ्याले तीन पिढ्या म्हणजे 75 वर्षांचं राहणं दाखवा लागते. म्हणून तेंच्यासाठी जबाब अजून जुन्या माणसाचा शोधा, अन लवकर शोधा.

धानवाली
लेटर हातात येऊन आज अकरा दिवस झाले, म्हणजे 49 राहिले. गावात नव्वदीतली एक आजी हाय, कानानं कमी ऐकते पण आठवण पक्की हाय. उद्या सकाळी वही घेऊन तेच्याकडे जातो, मायलेही नेतो. काकालेही सांगतो सोबत चला म्हणून. ग्रामसभेचा ठराव लिहून झाला का इथंच टाकीन, नजर मारा जी.