परदेशी अनुदान: आधी खातं ठरवा, मग अर्ज

काहीजण सल्ला देतात की वेनर-ग्रेन फाउंडेशन या संशोधनाला अनुदान देणाऱ्या अमेरिकी संस्थेला अर्जदाराच्या नागरिकत्वाची अट नाही, तेव्हा भारतातून सरळ अर्ज ठोकावा. अट नाही हे खरंच; मानववंशशास्त्रातल्या पीएचडीच्या फील्डवर्कला ते 25,000 डॉलरपर्यंत देतात. पण पैसे कुणाच्या खात्यात येणार? विद्यापीठाच्या येणार असतील तर, सूट मिळालेल्या काही वैधानिक संस्था सोडल्या, तर एफसीआरए, म्हणजे परदेशातून येणाऱ्या पैशांवरच्या भारतीय कायद्याखाली नोंदणी किंवा पूर्वपरवानगी लागते. त्यात या कायद्याच्या 2020 च्या दुरुस्तीपासून ही रक्कम आधी स्टेट बँकेच्या नवी दिल्ली मुख्य शाखेतल्या खात्यातच उतरवावी लागते. त्याच दुरुस्तीने एका संस्थेने दुसरीला पैसे पुढे देणंही बंद केलं. म्हणजे ‘ओळखीच्या एनजीओतून फिरवून घेऊ’ हा जुगाड संपला.

शिष्यवृत्ती आणि विद्यावेतन मात्र कायद्याच्या कलम 4 मध्ये वगळलेत. म्हणून मंजुरीपत्रात रक्कम नेमकी कुणाच्या नावे आणि कशासाठी, हे शब्द स्पष्ट मागून घ्या. बँक तेच पत्र बघते. आणि हो, वेनर-ग्रेन ओव्हरहेड, म्हणजे विद्यापीठाचा प्रशासकीय खर्च, देत नाही. लेखा विभागाने सवयीने अंदाजपत्रकात टाकलेली ती ओळ पाठवण्याआधी खोडा.